कंबरदुखीसाठी घरगुती टेन्स यंत्र: वापरानंतरचा अभिप्राय

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात सगळे ज्याला ‘करंटचं मशीन’ म्हणतात, त्याच प्रकारचे, त्वचेवर चिकटवलेल्या पॅडमधून विजेची सौम्य स्पंदने देणारे, पण खिशात मावणारे उपकरण म्हणजे घरगुती टेन्स यंत्र. मणक्याच्या गादीमुळे जडलेली जुनी कंबरदुखी आणि तिच्यातून उजव्या पायात उतरणारी कळ यांसाठी मी ते नियमितपणे वापरते. माझे मत आधीच सांगून टाकते. दुखणे मुळापासून जाईल या आशेने हे यंत्र घेणाऱ्याची निराशा होईल. पण दुखणे काही काळ मागे सारून तेवढ्यात चालणे, व्यायाम किंवा ओट्यापाशी उभे राहून करायची कामे उरकायची असतील, तर त्याचे पैसे वसूल होतात.

माझे यंत्र दोन चॅनेलचे आहे, म्हणजे दोन वायरींना मिळून चार पॅड लागतात. प्रत्येक चॅनेलचा जोर कमीजास्त करण्यासाठी डोक्यावर एकेक फिरकी आहे आणि चुकून धक्का लागून ती फिरू नये म्हणून वर सरकते झाकण आहे. आत ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी बसते. समोरच्या लहानशा पडद्यावर फ्रिक्वेन्सी (सेकंदाला किती स्पंदने), स्पंदनाची रुंदी (एक स्पंदन किती वेळ टिकते) आणि उरलेला वेळ दिसतो. पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका सर्जिकलच्या दुकानात ते मला दोन हजारांच्या आतबाहेर मिळाले. कंपनीचे नाव मी मुद्दामच देत नाही, कारण या किमतीत नावापेक्षा एकच गोष्ट पाहण्याजोगी आहे: फ्रिक्वेन्सी, स्पंदनाची रुंदी आणि जोर या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या बदलता येतात की नाही. ऑनलाइन मिळणाऱ्या अनेक चकचकीत यंत्रांवर ‘मसाज’, ‘टॅपिंग’, ‘कपिंग’ अशी डझनावारी चित्रे असतात. त्यामागे स्पंदनांचे निरनिराळे ठेके असतात एवढेच. नेमकी कोणती फ्रिक्वेन्सी चालू आहे हे वापरणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. त्यांतली काही यंत्रे मुळात स्नायू आकुंचित करणारी, म्हणजे ईएमएस प्रकारची असतात आणि त्यांचा हेतूच वेगळा असतो. चरबी उतरवण्याचा किंवा साखर कमी करण्याचा दावा खोक्यावर छापलेला दिसला, तर ते खोके खुशाल परत ठेवावे.

या यंत्रामागचा विचार तसा जुना आहे. पहिल्या शतकातला रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गुस डोकेदुखी आणि गाउट हा सांध्यांचा विकार यांच्यावर विजेचा झटका देणारा टॉर्पेडो मासा लावायला सांगत असे. आजच्या टेन्सला शास्त्रीय आधार मिळाला तो १९६५ साली, रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या संशोधकांनी मांडलेल्या ‘गेट कंट्रोल’ सिद्धान्तामुळे. वेदनेचा संदेश बारीक मज्जातंतूंतून आणि स्पर्शाचा संदेश जाड मज्जातंतूंतून मज्जारज्जूकडे जातो. जाड तंतू पुरेसे उत्तेजित झाले, की मज्जारज्जूतच वेदनेच्या संदेशाची वाट अडवली जाते. गुडघा आपटल्यावर आपण तो न सांगता चोळू लागतो, तेव्हा बहुधा हेच घडत असते. टेन्स यंत्र ते काम विजेच्या सौम्य स्पंदनांनी करते. याखेरीज शरीर स्वतःच तयार करत असलेली, अफूच्या जातीची वेदनाशामक द्रव्येही या उत्तेजनाने स्रवतात, असे पुढच्या संशोधनातून दिसून आले.

दुकानदार बटणे दाखवतो, पण यंत्र लावायचे कसे हे सांगत नाही, आणि बऱ्याच जणांची यंत्रे कपाटात जाऊन पडतात ती यामुळेच. जोर इतका असावा, की मुंग्या ठळकपणे, चांगल्या सडकून जाणवाव्यात, पण दुखू नये किंवा स्नायू गोळा होऊ नये. नुसती गुदगुल्या झाल्यासारखी जाणीव होत असेल तर उपयोग जवळजवळ शून्य. काही मिनिटांत शरीराला सवय होते आणि मुंग्या विरल्यासारख्या वाटतात, तेव्हा फिरकी किंचित पुढे न्यावी लागते. रोजच्या वापरासाठी मी ८० ते १०० हर्ट्झ ठेवते. त्याने आराम लवकर पडतो, पण यंत्र काढल्यावर तो फार टिकत नाही. २ ते ४ हर्ट्झवर टकटक असे ठोके जाणवतात आणि स्नायू हलकेच फडफडतो. हा प्रकार संध्याकाळी, दिवसभराच्या बसण्याने कंबर धरल्यावर मला अधिक मानवतो. रोज तेच आकडे ठेवून तासन्‌तास लावल्यास परिणाम बोथट होत जातो, हे अभ्यासांतही आढळले आहे, म्हणून आकडे अधूनमधून बदलावेत. ट्रॅमाडॉलसारखी अफूच्या जातीची वेदनाशामक गोळी दीर्घकाळ घेणाऱ्यांना कमी फ्रिक्वेन्सीचा गुण कमी येऊ शकतो, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे यंत्र लावून पलंगावर पडून राहू नये. माझ्या मते त्याची खरी किंमत हालचालीच्या वेळी कळते. यंत्र कमरेच्या पट्ट्याला अडकवून मी फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम करते. एरवी ज्या वाकण्याला कळ आडवी येते, ते वाकणे तेवढ्या वेळात जमून जाते.

पॅड हा या उपकरणातला सर्वांत कटकटीचा आणि शेवटी सर्वांत खर्चिक भाग आहे. चिकट जेलचा पॅड प्लास्टिकच्या कागदावरून सोडवताना कडेला धरून सावकाश उचलावा लागतो. वायर धरून ओढला, तर जेलचा थर मधूनच सुटतो. त्वचेवर तेलाचा अंश जरी असला तरी पॅड बसत नाही, त्यामुळे सकाळी महानारायण तेल चोळणाऱ्या घरात आधी साबणाने पाठ धुण्याचा सोपस्कार आलाच. एप्रिल-मेच्या घामात कडा सुटू लागतात. पॅड अर्धवट उचलला गेला, की तोच करंट उरलेल्या लहानशा भागातून जातो आणि अचानक चिमटा काढल्यासारखा चटका बसतो. जेल सुकल्यावर बोटाने पाण्याचा एखादा थेंब फिरवला, तर पॅड आणखी काही वेळा चालतो, पण त्यालाही मर्यादा आहे. कमरेच्या मागे पॅड नेमका लावणे एकट्याच्या हाताने अवघडच. आमच्या यजमानांना ‘जरा वर, नाही, डावीकडे’ असे सांगत तो लावून घ्यावा लागतो आणि त्यात त्यांचा पेपर वाचायचा राहून जातो, ही तक्रार वेगळीच. दुखऱ्या जागेच्या दोन्ही बाजूंना, मणक्याचे हाड मध्ये सोडून पॅड लावणे मला सर्वांत उपयोगी पडले.

शास्त्रीय पुराव्याविषयी बोलायचे तर चित्र एकमताचे नाही आणि विकणारे ते सांगत नाहीत. ब्रिटनमधील ‘नाइस’ या, उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने २०१६ च्या मार्गदर्शिकेत कंबरदुखीसाठी टेन्स देऊ नये असे स्पष्ट म्हटले आहे, आणि अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्यविमा योजनेने २०१२ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी त्याचा खर्च देणे बंद केले. दुसऱ्या बाजूला, ‘बीएमजे ओपन’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ साली ३८१ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. यंत्र चालू असताना आणि त्यानंतर लगेच वेदनेची तीव्रता कमी होते, असा त्याचा निष्कर्ष होता. फायब्रोमायल्जिया हा जुनाट अंगदुखीचा आजार असलेल्या स्त्रियांवर अमेरिकेत झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, कामे करताना टेन्स वापरल्याने हालचालीच्या वेळची वेदना खोट्या यंत्राच्या तुलनेत कमी झाली. अशा चाचण्यांत एक अडचण कायमची आहे: मुंग्या येतात की नाही हे रुग्णाला कळतेच, त्यामुळे खरे यंत्र कोणते हे त्याच्यापासून लपवणे कठीण जाते. माझा अनुभव या दुसऱ्या बाजूशी जुळतो; मात्र पहिल्या बाजूचे म्हणणे ऐकूनच पैसे खर्च करावेत.

काही जणांनी हे यंत्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावूच नये. पेसमेकर किंवा तत्सम उपकरण बसवलेले रुग्ण, गरोदर स्त्रिया, फिट येणारे आणि जिथे पॅड लावायचा तिथे कर्करोग किंवा रक्ताची गुठळी असलेले रुग्ण त्यांत मोडतात. मधुमेहामुळे पायाची जाणीव गेलेल्यांनी विशेष जपावे, कारण जोर किती झाला हे त्यांना समजतच नाही. मानेच्या पुढच्या भागावर, डोक्यावर आणि छातीच्या आरपार पॅड लावू नयेत. गाडी चालवताना किंवा आंघोळीच्या वेळी तर नाहीच. आणि कंबरदुखीबरोबर पायातली ताकद जाऊ लागली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर यंत्र बाजूला ठेवून तातडीने रुग्णालय गाठावे.

घेण्यापूर्वी दोनचार वेळा फिजिओथेरपिस्टकडे हाच उपचार करून पाहावा. तिथे काहीच फरक पडला नाही, तर घरच्या लहान यंत्राकडून चमत्काराची अपेक्षा नको. फरक पडलाच, तर दुकानातच वायर जोडून, फिरकी शून्यावर ठेवून, पॅड हातावर लावून दोन्ही चॅनेल चालू करून पाहावेत. माझ्या यंत्राची एक वायर पिनेपाशीच तुटली आणि तशीच पिन शोधण्यात बराच वेळ गेला, म्हणून जादा वायरींची जोडी आणि पॅडचे दोन संच त्याच दिवशी घ्यावेत. बिलावर वॉरंटीचा शिक्का मारून घ्यावा आणि वायर-पॅड त्या वॉरंटीत येतात का, तेही विचारावे. माझ्या वेळी ते येत नव्हते.