गवत कापायला फोर स्ट्रोक ब्रश कटर : डोंगरातल्या रानात वापरून सांगतोय

पाटणकडच्या डोंगरात आमचं थोडं पड रान आहे, दोन म्हशींची वाळली वैरण तिथूनच निघते. भात काढणी आणि गवत नेमकं एकदमच येतं, विळा घेऊन यायला माणूस मिळत नाही, म्हणून होंडाच्या जीएक्स35 इंजिनाचा ब्रश कटर, म्हणजे खांद्याला अडकवून चालवायचं गवत कापायचं मशीन घेतलं. ट्रॅक्टरला जोडून गवत कापणारा मोवर नि गठ्ठे बांधणारा बेलर सपाटीवाल्यांनी बघावा, आमच्या उताराला आणि दगडधोंड्यांना ते चालत नाही.

इंजिन 35.8 सीसी. फोर स्ट्रोक असल्यामुळे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची भानगड नाही, वेगळं भरायचं, तेही जेमतेम 100 मिली. टू स्ट्रोकवाला स्वस्त पडतो हे मान्य, पण धूर आणि कानाला त्रास बघता मी परत हाच घेईन.

खरी गंमत मात्र पात्यात आहे. दुकानात डेमो देताना हटकून नायलॉनची दोरी लावून दाखवतात, रान कसं साफ होतं, बघायला झकास, पण गवताचा पार चुरा होतो मग पेंढी बांधणार कशाची? वैरणीसाठी दातेरी गोल पातंच पाहिजे, आणि भात कापायला पत्र्याचा गार्ड मिळतो ना तो वर लावायचा. मग उजवीकडून डावीकडे झोका मारत गेलं की गवत डाव्या हाताला ओळीत आडवं पडतं, मागून येणारी बाई नुसती कवळ भरत जाते. मागून म्हणजे लांबून हां, खडा उडला तर 15 मीटरच्या आत कुणी नको, आणि गॉगल लावल्याशिवाय मशीन चालूच करू नका.

कुसळीचं रान असेल तर फुलोऱ्यातच कापा, नंतर कुसळं कडक होऊन जनावराच्या तोंडात टोचतात. गंजी घालायच्या आधी मूठभर गवत पिळून बघा, कडाकडा मोडलं पाहिजे, ओलं रचलं तर आतून तापतं नि बुरशी धरते.

मेंटेनन्स फार नाही पण जो आहे तो टाळू नका. ऑइल पहिल्यांदा 10 तासांनी, मग 50 तासांनी बदला. एअर फिल्टर 25 तासांनी धुवा, आपल्याकडे वाळल्या गवताची धूळ इतकी की मी त्याच्याही आधी धुतो. पात्याजवळच्या गिअर हेडमध्ये ग्रीस भरायचं तर दुकानदार सांगतही नाहीत, ते सुकलं की गिअर खातोच. सीझन संपला की टाकी रिकामी करून कार्बोरेटरमधलं पेट्रोलही काढून टाका, आता पेट्रोलात इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं, पुढच्या दिवाळीला स्टार्टरची दोरी ओढून खांदा जाईल पण मशीन चालू होणार नाही.

अनुदान पाहिजे असेल तर आधी महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या अनुदानाच्या वेबसाइटवर, अर्ज करा आणि पूर्वसंमती आल्यावरच बिल करा. आधी घेतलं तर मिळत नाही.