ट्विनिंग, जॉइंट की ड्युअल? नाशिकच्या संस्थांनी परदेशी करार करण्याआधी

एमओयूवर, म्हणजे सामंजस्य करारावर, सह्या होतात, शाल-श्रीफळ होतं, दुसऱ्या दिवशी पुरवणीत फोटो येतो आणि बहुतेक करार तिथेच निजतात. एमओयूतून पाहुण्यांची व्याख्यानं निघतात, पदवी निघत नाही. पदवीपर्यंत जायचं असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मे २०२२ च्या नियमावलीत तीन वाटा आहेत: ट्विनिंग, जॉइंट आणि ड्युअल. संस्थेच्या बैठकीत तिन्हींची नावं एका दमात घेतली जातात, पण खर्च, कागदपत्रं आणि मुलांच्या डोक्यावरची जोखीम तिन्हींत सारखी नाही.

आधी उंबरठा. आपल्याकडे नॅक या मूल्यांकन परिषदेचे ४ पैकी किमान ३.०१ गुण हवेत, किंवा एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीतल्या विद्यापीठांच्या यादीत पहिल्या १०० त नाव, किंवा निवडक संस्थांना केंद्राकडून मिळणारा ‘इन्स्टिट्यूशन ऑफ एमिनन्स’चा दर्जा. समोरचं विद्यापीठ टाइम्स हायर एज्युकेशन किंवा क्यूएसच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या १००० त हवं. दोन्ही बाजू जुळल्या तर आयोगाची वेगळी परवानगी लागत नाही, नाहीतर अर्ज करावा लागतो. नाशिकमध्ये आणखी एक गाठ आहे. केटीएचएम महाविद्यालय काय किंवा बीवायके काय, मुलांच्या हातात पडते ती पदवी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची. महाविद्यालय स्वायत्त झालं तरी पदवी विद्यापीठाचीच राहते. म्हणजे प्राचार्य कितीही उत्साही असले तरी पुण्याच्या विद्या परिषदेशिवाय पान हलणार नाही. खासगी विद्यापीठाला हा फेरा नाही, पण वरची अट त्याला स्वतःच्या बळावर पार करावी लागते.

आता तिन्ही वाटा. ट्विनिंगमध्ये पदवी फक्त आपली. परदेशात मिळवलेले क्रेडिट (अभ्यासाच्या तासांवरून मिळणारे श्रेयांक) एकूण क्रेडिटच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाहीत. जॉइंटमध्ये अभ्यासक्रम दोघांनी मिळून बांधायचा, प्रमाणपत्र एकच आणि त्यावर चिन्हं दोघांची; दोन्हीकडे किमान ३० टक्के क्रेडिट हवेतच. ड्युअलमध्ये एकाच विषयातल्या, एकाच स्तरावरच्या दोन स्वतंत्र पदव्या मिळतात, त्यात किमान ३० टक्के क्रेडिट भारतातले. इंजिनिअरिंग इथलं आणि एमबीए तिथलं अशी जोडी यात बसत नाही. तिन्हींतली पदवी भारतीय पदवीच्या बरोबरीची धरली जाते, समकक्षता प्रमाणपत्रासाठी वेगळी धावपळ नाही. सरकारी भरतीचा फॉर्म भरणाऱ्या मुलाला या एका ओळीची किंमत कळते.

कागदावर हे सोपं दिसतं. खरी कसरत बोर्ड ऑफ स्टडीजच्या, म्हणजे अभ्यास मंडळाच्या, टेबलावर सुरू होते, ती क्रेडिटच्या हिशेबाने. समजा दोन वर्षांची एमएस्सी आहे, ८८ क्रेडिटची, सत्राला २२. तीस टक्के म्हणजे २६.४. मूल एक सत्र युरोपात राहिलं आणि ‘सत्राला सत्र’ असा हिशेब लावला, तर २२ क्रेडिट झाले. ट्विनिंगमध्ये ते आरामात बसतात, जॉइंटला मात्र कमी पडतात. तिकडे सत्राला ३० ईसीटीएस (युरोपातली क्रेडिट मोजायची पद्धत) क्रेडिट असतात आणि एका ईसीटीएसमागे २५ ते ३० तासांचं काम धरतात. आपल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एक क्रेडिट म्हणजे ३० तास. तासांनी मोजलं तर तेच सत्र २५ ते ३० क्रेडिटचं होतं. २५ धरलं तर अजून ट्विनिंग, ३० धरलं तर मर्यादा ओलांडली! मूल तेच, वर्ग तोच, आणि नियम मोडला की पाळला हे रूपांतराच्या तक्त्यावर ठरतं. म्हणून तक्ता आधी, करार नंतर. उलटं करणारे पहिल्या बॅचच्या गुणपत्रिकेपाशी अडकतात.

पालकांच्या बाजूने पाहिलं तर चित्र आणखी स्पष्ट होतं. सातपूर-अंबडमध्ये नोकरी करणारा बाप किंवा निफाडचा बागायतदार पहिला प्रश्न विचारतो तो व्हिसा नाकारला तर काय, हा. ट्विनिंगमध्ये याचं उत्तर देता येतं: तेच सत्र इथेही चालू ठेवा, मूल इथे पूर्ण करेल, पदवीला धक्का नाही. जॉइंटमध्ये तिकडचे ३० टक्के टाळताच येत नाहीत. अभ्यासक्रम पूर्ण न करू शकणाऱ्यांसाठी बाहेर पडायची वाट आखून ठेवा, असं नियमावलीच सांगते, पण बहुतेक मसुद्यांत त्यावर एखादं गुळमुळीत वाक्य असतं. ड्युअलमध्ये निदान आपली पदवी वेगळी उभी राहते. मात्र तिथे प्रवेशाच्या अटी दोन्ही विद्यापीठांच्या लागतात, आणि समोरचा स्वतःची पूर्ण पदवी देतो म्हटल्यावर फीही स्वतःच्या दराने मागतो. फीचा तपशील प्रवेशाच्या वेळीच जाहीर करणं बंधनकारक आहे. तो जाहीर झाला की अर्धी रांग पांगते, हे गृहीत धरून बॅच आखावी.

माझं मत विचाराल तर नव्याने उतरणाऱ्या संस्थेने ट्विनिंगपासूनच सुरुवात करावी. जाहिरातीत ते फिकं दिसतं, विश्वस्तांना दोन बोधचिन्हं हवी असतात, पण दोन विभागांना एकमेकांची परीक्षा पद्धत आणि सुट्ट्यांचं वेळापत्रक सोसतं का, हे एवढ्याच खर्चात कळतं. पीएचडीचा अपवाद करावा. जॉइंट पीएचडीत दोन्हीकडे एकेक मार्गदर्शक, दोन्हीकडे किमान एक सत्र आणि प्रबंध एकच. दोन प्राध्यापकांची आधीपासून गट्टी असेल तर हे तुलनेने लवकर जमतं.

आणि एक विषय असा आहे की ज्यात नाशिकने थेट जॉइंटचा हट्ट धरावा: द्राक्ष आणि वाइन. फ्रान्समधल्या माँपेलिएच्या कृषी संस्थेने युरोपातली अनेक विद्यापीठं सोबत घेऊन ‘विनिफेरा युरोमास्टर’ हा द्राक्ष-वाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवला, तेव्हा नमुना उपलब्ध आहे. आपल्याकडे देण्यासारखं काय? तिकडे वेल हिवाळ्यात झोपते आणि वर्षाला एकदाच छाटणी होते. इथे एप्रिलची खरड छाटणी वेगळी, ऑक्टोबरची गोडी छाटणी वेगळी, आणि मधल्या पावसात डाऊनी या बुरशीजन्य रोगाशी झुंज. तिकडची काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, इथली साधारण जानेवारी ते मार्च. एकाच शैक्षणिक वर्षात दोन हंगाम आणि दोन तळघरं पाहणारा विद्यार्थी तयार करायचा तर दोन्ही संस्था लागतातच. इथे दुसरं चिन्ह शोभेचं राहत नाही.

दोन ठिकाणी मात्र या नियमावलीवर विसंबू नये. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या दूरस्थ अभ्यासक्रमांना ती लागू नाही, ऑनलाइनलाही नाही. आरोग्य विज्ञानाच्या अभ्यासक्रमांत संबंधित परिषदेची मान्यता वेगळी लागते, तो प्रवास लांबचा.

मसुदा हातात आला की चार गोष्टी शोधाव्यात: रूपांतराचा तक्ता, नापास विषयाची फेरपरीक्षा कुठे आणि कुणाच्या खर्चाने, करार मोडला तर चालू बॅचचं काय, आणि आपला निकाल उशिरा लागला तर तिकडचं ऑक्टोबरचं सत्र किती दिवस थांबेल. पहिली बॅच २०२७ मध्ये काढायची असेल तर पाहुण्या प्राध्यापकांचे आठवडे ऑगस्ट-सप्टेंबरात ठेवू नका. सिंहस्थाच्या पर्वण्यांत त्यांना पंचवटीतून कॉलेजपर्यंत कोण आणणार?