खाटेवरचा तो फोटो

आण्णांच्या छातीत कळ आली तेव्हा पहाटेचे चार वाजले होते. आमचं गाव जत तालुक्यात, सांगलीचं सिव्हिल म्हणजे लांबचा पल्ला. १०८ ला फोन लावायच्या आधी मी गावच्या डॉक्टरांना उठवलं. वीस वर्षांची ओळख, पोरांची सगळी दुखणी त्यांच्याच हाताखाली निघालेली. ते म्हणाले, "सिव्हिलला कशाला नेताय? मिरजेला माझ्या मित्राचा दवाखाना हाय, तिथं योजना पण चालतीय. गाडी मीच पाठवतो."

मिरजेचं नाव काही आजचं नाही. १८९० च्या दशकात मिशनरी डॉ. वॉनलेस तिथं आले, तेव्हापासून अथणी-विजापूरकडचे लोकसुद्धा पेशंट मिरजेला पोचला की निम्मा वाचला असं धरतात. आम्हीही तेच धरलं.

दवाखान्याच्या दारात महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा फलक होता. आत गेल्यावर मात्र सूर बदलला. "मंजुरीला दोन दिवस लागतात, पेशंटकडं तेवढा वेळ नाही. ८० हजार भरा, मंजुरी आली की परत मिळतील." बायकोचं गंठण पतसंस्थेत ठेवलं. थोड्या वेळानं दुसरा निरोप आला : योजनेतला स्टेंट, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायची जाळी, साधा असतो, चांगला घालायचा का? ४५ हजार आणखी. बाप आत पडलेला असताना 'साधाच घाला' म्हणणारा मुलगा मला अजून भेटलेला नाही. पावती मिळाली ती साध्या पॅडवर, 'औषधे' एवढंच लिहिलेली. पाच-सहा कागदांवर सह्या केल्या. मी सोसायटीत सचिव आहे, कर्जाच्या कागदावर वाचून सही करा असं लोकांना रोज सांगतो. त्या दिवशी एक ओळ वाचली नाही. पेशंटला मदत करायला योजनेचा माणूस असतो, त्या आरोग्यमित्राचं टेबल होतं, पण त्यामागं कुणी कधी दिसलं नाही.

डिस्चार्जला सांगितलं, "केस योजनेत बसली नाही." आण्णा चालत घरी आले होते, मग कोण भांडणार?

एक गोष्ट तेवढी डोक्यात राहिली. रेशनकार्डाची झेरॉक्स ठेवून घेऊन त्यांनी आण्णांचा खाटेवर फोटो काढला होता. केस बसत नव्हती तर फोटो कशाला?

तीन महिन्यांनी चुलतभावाच्या कामासाठी योजनेच्या जिल्हा कार्यालयात गेलो, तेव्हा सहज आमचं कार्ड बघायला सांगितलं. आण्णांच्या नावावर अँजिओप्लास्टी मंजूर होती, दाखल केल्याच्या दुसऱ्याच दिवशी. सरकारकडूनही घेतले आणि आमच्याकडूनही.

तिथंच कळलं की तातडीच्या केसला फोनवरूनही मंजुरी मिळते, कागद मागाहून देता येतात. आता पांढऱ्या कार्डासकट सगळ्यांना, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार योजनेतून होतात आणि मंजूर उपचाराला पेशंटकडून पैसे घेताच येत नाहीत. स्टेंटच्या किमतीवर तर २०१७ पासून केंद्राची मर्यादा आहे, सुरुवातीला ती ३० हजारांच्या आतच होती. पैसे मागितले की आधी योजनेच्या हेल्पलाइनला, १५५३८८ ला फोन लावा, काउंटरसमोर उभं राहूनच लावा.

पण मला टोचतं ते वेगळंच. अडाणी म्हणून आम्ही फसलो नाही, ओळखीमुळं फसलो. खेड्यातल्या माणसाला कुठल्या दवाखान्यात किती खर्च येतो हे कुणी सांगत नाही, मग माहितीच्या जागी तो ओळख वापरतो. आणि ओळखीनं आलेला पेशंट दर विचारत नाही, पावती मागत नाही, कारण विचारलं तर पाठवणाऱ्याचा अपमान. गाडीवाल्यानं पुढं एकदा चहाला बसल्यावर सांगितलं, प्रत्येक पेशंटमागं डॉक्टरचं कमिशन ठरलेलं आणि गाडीचंही. २०१७ मध्ये राज्यात याविरुद्ध कायद्याचा मसुदा झाला होता. कायदा काही झाला नाही.

लेखी तक्रार केली, चार हेलपाटे झाले, तेव्हा ८० हजार परत आले. ४५ चं नाव नाही, कारण 'औषधे'.

गावच्या डॉक्टरांना मी अजून नमस्कार करतो. आण्णांनी बजावलंय, "रात्री-अपरात्री दुसरं कोण हाय रं आपल्याला?" मागच्या आठवड्यात शेजारच्या सूनबाईंच्या पोटात दुखायला लागलं, तर आण्णांनीच तिला त्यांच्याकडं पाठवलं.