कमी धुळीचा नवा स्नूकर चॉक: पावसाळा आणि हिवाळा वापरल्यानंतरचा अनुभव

क्यूच्या, म्हणजे स्नूकरच्या काठीच्या, टोकाला लावायचा नवीन पद्धतीचा, कमी धूळ सोडणारा चॉक घ्यावा का, असं क्लबात आता बरेच जण विचारतात. मी तो पावसाळ्याच्या तोंडावर घेतला आणि अख्खा पावसाळा, नंतरची थंडी त्याच्यावरच खेळलो. माझं उत्तर आहे, जरूर घ्या. पण एकट्याने घेतलात तर फायदा अर्धाच होईल, आणि तो का, हे नीट सांगावं म्हणून एवढं सविस्तर लिहितोय. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही. या जातीचे अनेक चॉक मिळतात, मी वापरलेला त्यातला एकच आहे, आणि मुद्दा ब्रँडचा नाहीच.

मुद्दा किकचा आहे, म्हणजे बॉलला बॉल लागताना मध्येच बिघडणाऱ्या टकरीचा. ब्रेक (सलग गुणांची खेळी) रंगात आलेला असतो, ब्लॅक म्हणजे काळा बॉल त्याच्या ठरलेल्या जागी, आणि क्यूने मारायच्या पांढऱ्या बॉलला, म्हणजे व्हाइटला, हवा तसा कोन मिळालेला. फटका स्वच्छ बसतो, पण बॉलला बॉल लागताना नेहमीच्या खणखणीत आवाजाऐवजी काहीतरी बद्द ऐकू येतं. ब्लॅक पॉकेटच्या जबड्यावर आपटून बाहेर येतो आणि व्हाइट भलतीकडेच थांबतो. आपलं काही चुकलेलं नसतं, तरी खुर्चीत जाऊन बसावं लागतं. हा प्रकार नक्की काय असतो ते बघायला मी मोबाइल कुशनच्या लाकडावर टेकवून स्लो मोशनमध्ये बरेच पॉट (बॉल पॉकेटमध्ये घालायचे फटके) टिपले. किक बसलेला फटका त्यात लगेच ओळखू येतो. टक्कर होताच व्हाइट कापड सोडून टुणकन वर उडतो आणि समोरचा रेडही क्षणभर अधांतरी असतो. साध्या डोळ्यांना यातलं काहीच दिसत नाही.

कारण धुळीत आहे. स्नूकरचे बॉल 52.5 मिलिमीटर व्यासाचे, फिनॉलिक रेझिनचे आणि कमालीचे गुळगुळीत असतात. एकमेकांना लागून सुटताना त्यांच्यात घर्षण फार कमी होतं. पण नेमक्या स्पर्शाच्या जागी चॉकचा कण सापडला की दोन्ही बॉल निमिषभर एकमेकांना धरतात. व्हाइट पुढे लोळत आलेला असतो. त्याचा पुढचा पृष्ठभाग खाली सरकत असतो, समोरच्या बॉलला तो खाली दाबतो आणि स्वतः वर उचलला जातो. दाबलेला बॉल कापडाखालच्या दगडी पाटीवरून उसळतो. तिरका पॉट असेल तर बॉल जाड जातो, म्हणजे ठरल्या रेषेच्या अलीकडेच पळतो.

मग चॉक लावूच नये का? टिप, म्हणजे क्यूचं टोक, चामड्याची, आणि ती व्हाइटला लागून असते सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकाच वेळ. तेवढ्यात तिला पकड मिळाली नाही तर साइड (बाजूची फिरकी) किंवा खोल स्क्रू (उलटी फिरकी) मारताना मिस-क्यू, म्हणजे टिप घसरून फटका फसणं, ठरलेलं. ही पकड देणारा चॉक म्हणजे शाळेतला खडू नव्हे. अमेरिकेतल्या विल्यम स्पिंक्स आणि विल्यम हॉस्किन्स यांनी 1897 मध्ये सिलिका आणि अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड वापरून केलेल्या चॉकचं पेटंट घेतलं, आणि पुढची शंभरहून जास्त वर्षं जग साधारण त्याच वाटेने चाललं. क्यू बदलले, कापड बदललं, हस्तिदंताचे बॉल जाऊन बेल्जियममधल्या सालुक कंपनीचे अ‍ॅरामिथ आले, पण खिशातला चॉक मात्र तोच राहिला. अलीकडच्या वर्षांत फिनलंडच्या टाओम कंपनीचा चॉक व्यावसायिक खेळाडूंच्या हातात दिसू लागला आणि आयुष्यभर एकाच हिरव्या चॉकवर खेळलेले लोकही पटापट तिकडे वळले. आपल्या क्यूला दुसऱ्याला हातसुद्धा लावू न देणारी ही माणसं. त्यांनी सवय मोडली याचाच अर्थ किकने त्यांना किती छळलं असेल.

आता माझा अनुभव. सुरुवातीलाच एक काम करावं लागतं. टिपमध्ये मुरलेला जुना चॉक पूर्ण काढायचा, नाहीतर नव्याचा काही उपयोग नाही. मी टिप बारीक पॉलिश पेपरवर हलकेच घासून, ओलसर फडक्याने पुसून वाळू दिली. नंतर लावताना जुन्या सवयीने खसाखसा घासायचं नाही. टिपच्या कडेपर्यंत एक हलका हात पुरे. थर पातळ दिसतो आणि मन साशंक होतं, पण पकड पुरेशी असते. खोल स्क्रूला किंवा लांबच्या साइडला मला कुठेही कमी पडली नाही. बोटं, पँटचा खिसा, कापड, सगळं स्वच्छ राहतं. सगळ्यात ठळक फरक व्हाइटवर दिसतो. आधी प्रत्येक जोरदार फटक्यानंतर त्याच्यावर एक निळा ठिपका उमटायचा, तो आता जवळजवळ उमटतच नाही.

एका गोष्टीची तयारी ठेवा. पहिले काही आठवडे माझे बारीक कट (फार तिरके पॉट) पातळ, म्हणजे ठरल्या रेषेच्या पलीकडे, जात होते. धुळकट बॉलवर समोरचा बॉल थोडा ओढला जातो, आणि वर्षानुवर्षं आपण नकळत तेवढी सूट धरून नेम घेतलेला असतो. बॉल स्वच्छ झाला की ती सूटच अंगावर येते. स्पर्धा तोंडावर असताना चॉक बदलू नका, असं मी सगळ्यांना सांगतो ते यासाठीच.

आणि पुण्याचा पावसाळा. मोठ्या व्यावसायिक स्पर्धांत टेबलाच्या पाटीखाली हीटर असतात, त्यामुळे कापड कोरडं राहतं आणि वेग बदलत नाही. आमच्याकडे एसी आहे, तोही संध्याकाळपुरता. जुलैत कापड दमट होतं, व्हाइट अर्ध्या टेबलापलीकडे रेंगाळतो आणि ओलाव्यात भिजलेली धूळ बॉलवर पापुद्र्यासारखी बसते. (हा खेळ जन्मला तोच मुळी जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये, 1875 साली, आणि तोही पावसाळ्यात बाहेर पडता येत नसल्याने वेळ घालवायला, असं सांगतात. 1882 मध्ये उटीच्या क्लबात त्याचे नियम लागले. त्या दमट हवेत हस्तिदंताचे बॉल कसे पळत असतील याचं मला फार कुतूहल आहे.) नवा चॉकही ओल धरतो, म्हणून वापरून झाला की डबीत बंद करून ठेवा. या दिवसांत माझ्या किक कमी झाल्या, हे नक्की. पण थांबल्या नाहीत, आणि पैसे मोजल्यावर ते मला खटकत होतं.

उलगडा आमच्या मार्कर काकांनी, म्हणजे क्लबात गुण मोजणाऱ्या आणि टेबलं सांभाळणाऱ्या काकांनी केला. ब्राउन पुन्हा जागेवर ठेवता ठेवता त्यांनी व्हाइट उचलून माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "साहेब, हे निळे ठिपके तुमचे नाहीत, पण फटका तुम्हालाच बसतोय बघा." माझा जोडीदार जुनाच निळा चॉक लावत होता. व्हाइट दोघांचा, कापड त्याआधी खेळून गेलेल्या सगळ्यांचं. त्याची धूळ माझ्या पॉटला आडवी येत होती. क्यू, टिप, फेरूल (टिपखालची कडी) या ज्याच्या त्याच्या वस्तू. चॉक मी खिशातून काढत असलो तरी तो टेबलावर पडतो आणि टेबल सगळ्यांचं असतं.

मग रविवारी सकाळी आम्ही चौघांनी ठरवून हाच चॉक आणला. काकांनी आधी कापड ब्रश करून, इस्त्री फिरवून घेतलं आणि बॉल कोमट पाण्याने धुऊन मऊ कापडाने कोरडे केले. त्या सकाळचा खेळ मी विसरणार नाही. प्रत्येक टक्कर तीच, आवाज तोच, व्हाइट मनात आखलेल्या जागी येऊन थांबत होता. ब्रेक फार मोठे झाले नाहीत, पण चुकलेला प्रत्येक पॉट माझा स्वतःचा होता आणि त्यातून मला शिकता आलं. संध्याकाळी त्याच टेबलावर इतर मंडळींत खेळलो, तर तिसऱ्या फ्रेममध्ये (डावात) किक हजर.

किंमत बोचते. एका तुकड्याच्या पैशात जुन्या चॉकचा अख्खा डबा येऊन वर पैसे उरतात. टिकतो मात्र भरपूर, माझा अजून बराच शिल्लक आहे. फरशीवर पडला की कोपरा तुटतो, एवढं सांभाळा. हुबेहूब दिसणारा नकली मालही येतो. मला ऑनलाइन एका विक्रेत्याने तोच पाठवला होता, आणि व्हाइटवर ठिपके पडायला लागल्यावर तो लगेच ओळखू आला. माहितीतल्या दुकानातूनच घ्या. याच काळात थरांची टिपही बसवली. ती फुगत नाही, आकार धरून राहते, याहून जास्त तिच्याबद्दल सांगण्यासारखं नाही. क्यूच्या कार्बन शाफ्टचा (दांड्याचा) खर्च क्लब खेळाडूने करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तेवढ्या पैशात क्लबाचं एक टेबल वर्षभर निगुतीत राहील.

नवीन घेणाऱ्यांना माझा क्रम असा: आधी क्लबात बॉल रोज धुतले जातात का ते विचारा, मग तुमच्यासोबत नेहमी खेळणाऱ्या दोघा-तिघांना पटवा आणि मगच चॉक मागवा. आम्ही क्लबाच्या समितीला लेखी विनंती केली आहे की दोनपैकी एका टेबलावर हाच चॉक सक्तीचा करावा आणि तो क्लबानेच ठेवावा. पुढच्या बैठकीत विषय आहे. मंजूर झाला तर येत्या पावसाळ्यात दोन्ही टेबलांवर स्लो मोशन लावून फरक मोजायचं काकांनी आणि मी ठरवलंय.