नालोक्झोन नेझल स्प्रे (4 मिलिग्रॅम): औषध चोख, डबा अर्धवट

डब्यात दोन स्प्रे येतात. प्रत्येकात एकच डोस, 0.1 मिलिलिटर द्रावणात 4 मिलिग्रॅम नालोक्झोन. हेरॉइन, मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन अशा अफूवर्गीय औषधांचा ओव्हरडोस झाला की श्वास मंदावत जातो आणि माणूस प्राणवायूअभावी दगावतो. मेंदूतल्या ज्या जागा ही औषधं अडवून बसतात, तिथून नालोक्झोन त्यांना हुसकावतं. 1961 सालच्या पेटंटचं हे जुनं औषध, त्यामुळे गुण येतो का, हा प्रश्न केव्हाच सुटलाय. तपासायचं ते एवढंच, की घाबरलेल्या माणसाच्या हातात हे उपकरण कसं वागतं.

इथेच पहिली खोट. स्प्रे दिसतो सर्दी-ॲलर्जीच्या स्प्रेसारखा. तसले स्प्रे नवीन असताना आधी हवेत दाबून बघायची सवय अनेकांना असते. इथे तसं केलंत तर डोस गेला. दट्ट्या एकदाच दाबला जातो, त्याला दुसरी संधी नाही. सूचनापत्रात हे लिहिलेलं असतं, पण समोर माणूस निळा पडत असताना सूचनापत्र कोण वाचतंय? डबा घरी आणला त्याच दिवशी त्यावर मार्करने ठळक लिहून ठेवा: ‘आधी दाबून बघू नका’.

बाकी रचना चांगली आहे. तर्जनी आणि मधलं बोट नळीच्या दोन बाजूंना, अंगठा खाली दट्ट्यावर. माणसाला पाठीवर झोपवून मानेखाली हात द्यायचा, डोकं मागे कलतं करायचं, बोटं नाकाला टेकेपर्यंत नळी नाकपुडीत घालायची आणि दट्ट्या एका दमात पूर्ण दाबायचा. रुग्णाने श्वास आत ओढायची गरज नाही. औषध नाकाच्या अस्तरातून शोषलं जातं. ‘श्वासच घेत नाही, मग स्प्रेचा काय उपयोग’ म्हणून थांबणारे इथेच चुकतात.

स्प्रे कधी काढायचा? हाका मारून, छातीच्या मधल्या हाडावर मुठीची पेरं जोरात घासूनही हालचाल नाही, श्वास अगदी मंद किंवा घशातून घरघर, ओठ-नखं निळसर किंवा राखाडी, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. सगळी लक्षणं एकदम दिसतीलच असं नाही. उठत नाही आणि श्वास धड नाही, एवढं पुरे. नेमकं काय घेतलंय याचा शोध नंतर. शरीरात अफूवर्गीय औषध नसेल तर नालोक्झोनने सहसा काही बिघडत नाही.

दुसरी खोट म्हणजे डब्यात श्वास देण्याचा मास्क नाही. स्प्रे मारला की रुग्णवाहिकेला फोन, आणि लगेच दर 5 सेकंदांना एक कृत्रिम श्वास. छाती उचलली जातेय का बघत. 2 ते 3 मिनिटांत श्वास सुधारला नाही तर दुसरा स्प्रे दुसऱ्या नाकपुडीत. ही मिनिटं नुसती बघत बसण्याची नाहीत, आणि घाईघाईने दोन्ही स्प्रे पाठोपाठ रिकामे करण्याचीही नाहीत. झायलाझिन (जनावरांना गुंगी आणायचं औषध) किंवा झोपेच्या गोळ्या मिसळलेल्या असतील तर नालोक्झोन त्यांना हात लावत नाही. श्वास सुरळीत होऊनही माणूस गुंगीत राहू शकतो. श्वास चालू आहे ना? मग आणखी डोस नको. कुशीवर वळवा, म्हणजे उलटी झाली तरी घशात अडकणार नाही.

जास्त ताकदीचा, 8 मिलिग्रॅमचा स्प्रेही मिळतो. आमच्या मते त्याची गरज नाही. न्यूयॉर्क राज्य पोलिसांच्या वापरात दोन्हींची तुलना झाली तेव्हा 8 मिलिग्रॅमने जास्त माणसं वाचली नाहीत. उलट्या आणि विड्रॉवलचा, म्हणजे नशा एकदम तुटल्याने होणारा, त्रास मात्र वाढला. असा त्रास एकदा सोसलेला माणूस पुढच्या वेळी मदत टाळू पाहतो.

इंजेक्शनशी तुलना केली तर 0.4 मिलिग्रॅमची कुपी स्वस्त पडते आणि शुद्धीवर आणतानाही सौम्य असते. 1 मिलिलिटर सिरिंजमध्ये ओढून मांडीच्या बाहेरच्या स्नायूत, वेळ पडली तर कपड्यांवरूनच. पण अंधारात काचेची कुपी फोडणं आणि सुई धरणं हे सरावाचं काम. रोज या कामात असलेल्यांनी कुपी ठेवावी, घरात स्प्रेच बरा.

नालोक्झोनचा असर 30 ते 90 मिनिटं टिकतो. मेथाडोनसारखं औषध त्यापेक्षा जास्त वेळ अंगात राहतं, म्हणून उठून बसलेला माणूस पुन्हा गुंगीत जाऊ शकतो. ‘आता ठीक आहे मी’ म्हणाला तरी त्याला एकटं सोडू नका. पुन्हा नशा केली तर नालोक्झोनचा असर ओसरताच श्वास परत मंदावू शकतो, हेही त्याला तिथेच सांगा, कारण विड्रॉवलने हैराण झालेला माणूस नेमकं तेच करायला जातो.

ठेवायचा 25 अंश सेल्सिअसखाली, उजेडापासून दूर. उन्हात उभ्या गाडीत राहू देऊ नका. गोठला तर फवारा उडत नाही. खोलीच्या तापमानाला 15 मिनिटं ठेवला की वापरता येतो. आणि कपाटाला कुलूप नको. बेशुद्ध माणूस स्वतःला स्प्रे मारू शकत नाही, त्यामुळे डबा कुठे आहे हे घरातल्या इतरांना ठाऊक हवं.