पाणी छातीवर की पाठीवर? धावण्याच्या पिशवीची रचना

धावताना पिशवी उसळते, त्याचं एक मोठं कारण म्हणजे आतलं पाणी हलणं. म्हणून पाणी कुठे ठेवायचं, हे आधी ठरवावं.

पट्ट्यांवरच्या खिशांत, म्हणजे छातीवर, ५०० मिलीच्या दोन मऊ बाटल्या ठेवल्या, तर एक किलो वजन पुढे येतं आणि पाठीवरच्या सामानाला तोल मिळतो. पाणी संपेल तशी बाटली आकसते, त्यामुळे आत डचमळत नाही. किती उरलंय तेही दिसतं. अडचण खिशांची. खिसा खाली असला की बाटली बरगड्यांवर आपटते, बाहेर सरकला की हाताच्या झोक्यात येतो. आणखी एक: पट्टे भरलेल्या बाटल्यांवर बेतलेले असतात, त्या रिकाम्या झाल्या की पिशवी सैल पडते. बाजूचे पट्टे धावता धावता ओढता आलेच पाहिजेत.

पाठीवरच्या दीड-दोन लिटरच्या पाणपिशवीने (नळीतून पाणी प्यायची मऊ पिशवी) छाती मोकळी राहते, पण सगळा भार मागे जातो आणि धावणारा कमरेतून पुढे वाकतो. ती खांद्याच्या पात्यांमध्ये, पाठीला चिकटून टांगलेली हवी. भरल्यावर उलटी धरून नळीतून हवा ओढून काढावी, नाहीतर पाणी खळखळत राहतं. ती मध्येच भरायची तर पाठीवरच्या पिशवीतलं अर्धं सामान बाहेर काढावं लागतं.

दोन-तीन तासांच्या धावण्याला, वाटेत पाणी मिळत असेल तर, आम्ही बाटल्याच सुचवू. लांब, निर्जल वाटेवर पाणपिशवी. छातीचे पट्टे मात्र दोन्हींत पूर्ण श्वास भरूनच बांधावेत.