डबे पाडायला एम-वन कार्बाइन: सीओटूवर चालणारी प्रतिकृती कोल्हापुरात कितपत उपयोगाची?

आठ मीटरवर शीतपेयाचा रिकामा डबा ठेवावा, बसून गुडघ्यावर कोपर टेकवावं आणि 15 छर्रे सोडावेत. त्यातले दहा-बारा डब्याला लागले, तर ही कार्बाइन तिचं काम नीट करते आहे असं समजा. याहून जास्त तिच्याकडून मागू नका. एवढं मान्य असेल त्याला मात्र ती भरपूर आनंद देते.

मूळ एम-वन कार्बाइन, म्हणजे आखूड, हलकी रायफल, अमेरिकी सैन्याने 1941 मध्ये स्वीकारली. मोठी रायफल बाळगणं ज्यांना अडचणीचं आणि पिस्तुल अपुरं, अशा चालक, तोफखाना, संदेशवहन वगैरे लोकांसाठी ती होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात 60 लाखांहून जास्त बनल्या. स्प्रिंगफील्ड आर्मरीच्या नावाने निघणारी प्रतिकृती 4.5 मिलिमीटरचे पोलादी छर्रे सोडते आणि 12 ग्रॅमच्या कार्बन डायऑक्साइड कार्ट्रिजवर चालते. कार्ट्रिज मॅगझिनमध्येच बसतं, छर्रेही तिथेच, मूळ बंदुकीसारखे पंधरा. प्रत्येक खटक्याला बोल्ट मागे जाऊन पुढे येतो आणि खांद्याला हलका धक्का बसतो. तिची सगळी गंमत या धक्क्यात आहे, आणि गॅसचा निम्मा हिशेबही तिथेच बिघडतो, कारण बोल्ट मागे ढकलायला लागणारा गॅस छर्ऱ्याच्या वाट्यातूनच जातो.

एका कार्ट्रिजवर दोन मॅगझिन निवांत होतात. तिसऱ्यात जोर उतरतो. कंपनी सेकंदाला 425 फूट, म्हणजे सुमारे 130 मीटर वेग सांगते. त्या वेगाने छर्रा दहा मीटर जाईपर्यंत साधारण साडेतीन सेंटिमीटर खाली येतो. गॅस उतरून वेग सेकंदाला 100 मीटरवर आला की हेच पाच सेंटिमीटरच्या पुढे जातं. शेवटचे छर्रे डब्याच्या बुडाला लागतात किंवा मातीत जातात ते यामुळे. तिथे साइटचे, म्हणजे नेम धरायच्या खुणेचे, स्क्रू फिरवत बसू नका, कार्ट्रिज बदला. साइट लावायची ती पहिल्या मॅगझिनवर, आणि तेही दोन छर्ऱ्यांमध्ये आठ-दहा सेकंद थांबून. भराभर खटका ओढला की गॅस थंड होतो आणि दाब पडतो.

हवामानाचा फरक इथे फार जाणवतो. कार्ट्रिजमध्ये गॅस द्रवरूपात असतो आणि त्याचा दाब तापमानावर ठरतो: 15 अंशांना सुमारे 51 बार, 20 ला 57, 30 ला 72. जानेवारीतल्या सकाळी आणि मार्चच्या दुपारी एकच बंदूक दोन वेगळ्या बंदुका वाटतील. 31 अंशांच्या वर हा गॅस द्रव राहतच नाही, मग दाब झपाट्याने चढतो. एप्रिल-मेमध्ये सकाळी दहाच्या आत खेळून घ्यावं. भरलेलं मॅगझिन उन्हात, दुचाकीच्या डिकीत किंवा बंद गाडीत अजिबात ठेवू नये. आधी बोल्ट जड होतो, मग व्हॉल्व्ह उघडेनासा होतो आणि शेवटी सील जातं.

सीलबद्दल जरा सविस्तर, कारण या जातीच्या बंदुका बहुतेक तिथेच मरतात. कार्ट्रिजचं तोंड जिथे टोचलं जातं तिथे एक छोटी रिंग असते. साध्या नायट्राइल रबरात हा गॅस मुरतो, रबर फुगतं, आणि दाब एकदम सोडला की त्यावर फोड येतात. म्हणून प्रत्येक नव्या कार्ट्रिजच्या टोकावर सिलिकॉन तेलाचा एक थेंब द्यावा. शिलाई मशिनचं तेल नको, गंज सोडवायचा स्प्रे तर नकोच. त्याने रिंग मऊ पडते. कार्ट्रिज घट्ट करताना टोचल्याचा 'फस्स' आवाज आला की तिथून पाव फेरा पुरे. त्यापुढे पिळलं तर रिंग चिरते. रिंग गेलीच तर परदेशातून सुट्या भागांची वाट पाहण्याआधी शिवाजी उद्यमनगरात जा. जुनी रिंग बरोबर न्या, मापाची ओ-रिंग काढून देतात. फक्त 90 शोअर कडकपणाची पॉलियुरेथेनची मागा. तिथल्याच एखाद्या लेथवाल्याकडून स्प्रिंग किंवा व्हॉल्व्ह बदलून 'जोर वाढवून' घ्यायचा मोह होईल. तो टाळा. दाब धरणाऱ्या भागाला हात लावायचा नसतो.

आता कोल्हापुरातली खरी अडचण: कार्ट्रिज. सोडा सायफनची मिळतात ती 8 ग्रॅमची आणि आखूड. ती बसत नाहीत. 12 ग्रॅमची ऑनलाइन मागवावी लागतात, आणि दाबाखालचा गॅस म्हणून ती रस्त्यानेच येतात, त्यामुळे उशीर धरून चाला. डझनभर घरात नसतील तर रविवारचा बेत करू नका. तीस छर्ऱ्यांना एक कार्ट्रिज म्हणजे तासाभराच्या खेळाला सहज चार-पाच लागतात. पोलादी छर्रे स्वस्त आहेत, गॅस नाही.

शस्त्र नियम 2016 प्रमाणे 20 ज्यूलपर्यंतची आणि 4.5 मिलिमीटरपर्यंतच्या नळीची एअरगन परवान्याशिवाय ठेवता येते. या कार्बाइनची ऊर्जा तीन ज्यूलच्या आसपास येते, म्हणजे मर्यादेच्या कितीतरी आत. पण आयात ही वेगळी गोष्ट आहे. परदेशी संकेतस्थळावरून मागवलेलं पार्सल कस्टममध्ये अडकतं. मागवण्याआधी आयातीचे नियम आणि प्रतिकृतीविषयीचे नियम शस्त्र परवाना शाखेत लेखी विचारून घ्या, आणि घेताना पावती जपून ठेवा. दहा पावलांवरून ही खरीच सैनिकी बंदूक दिसते. रंकाळ्यावर किंवा पन्हाळ्यावर फोटोसाठी बाहेर काढणं म्हणजे पोलिसांना बोलावणं. ने-आण बंद पिशवीतून, रिकामी करून, मॅगझिन वेगळं ठेवून.

खेळायला जागा शेताची किंवा बंदिस्त परड्याची. पोलादी छर्रा शिशासारखा चपटा होत नाही, कठीण वस्तूवरून तो जवळजवळ तसाच परत येतो. आपल्याकडच्या काळ्या दगडाच्या बांधासमोर, सिमेंटच्या भिंतीसमोर किंवा पत्र्यासमोर डबा ठेवू नका. खत किंवा साखरेच्या पोत्यात चाळलेली माती भरून दोन थर रचा, किंवा जुनी जाड वाकळ खालून मोकळी लोंबत ठेवा. ती छर्रा गिळते आणि तो खाली पडतो. चष्मा सगळ्यांना, बघणाऱ्यांनाही. खेळ संपला की जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक गवतावरून फिरवा. राहिलेले छर्रे वैरणीबरोबर गोठ्यात जातात. गोळा केलेले पुन्हा भरू नका, किंचित पोचा पडलेला एक छर्रासुद्धा मॅगझिनमध्ये अडकतो. पाखरांवर नेम धरणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, ते वेगळं सांगायला नको.

तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे यांच्यामुळे या जिल्ह्यात पोराला नेमबाजीला घालू असं म्हणणारी घरं खूप आहेत. त्यांनी ही बंदूक घेऊ नये. दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो. या कार्बाइनची नळी आतून गुळगुळीत, छर्रा नळीपेक्षा किंचित लहान, त्यामुळे टेकून मारले तरी दहा मीटरवर छर्रे सात-आठ सेंटिमीटरमध्ये पसरतात. चूक हाताची की नळीची, हे शिकणाऱ्याला कळणारच नाही. खटकाही लांब आणि जड आहे. शिकायचं असेल तर दुधाळीच्या रेंजवर जाऊन आधी तिथल्या रायफली हाताळा. घरी सराव म्हणून प्रिसिहोलसारख्या भारतीय कंपनीची नळी मोडून भरायची स्प्रिंगची रायफल बरी: आतून आटे पाडलेली नळी, शिशाचे छर्रे, गॅसचा खर्च शून्य.

वापरलेली कार्बाइन विकत घेताना तुमचं स्वतःचं नवं कार्ट्रिज बरोबर न्या. ते बसवा, छर्रे न भरता मॅगझिन पंधरा मिनिटं टेबलावर ठेवा, मग व्हॉल्व्हवर आणि कार्ट्रिजच्या तोंडाशी साबणाचा फेस लावा. फेसात बुडबुडे आले तर सील बदलायचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा. व्हॉल्व्हच्या धातूवरच चीर दिसली तर पैसे खिशात ठेवून परत या.